गडग्यांमधली वाट : केर्सीच्या पठारावर धावताना

(दृश्य : पहाट. दोन दगडी गडग्यांमधून गेलेली अरुंद वाट. पावलांचा आवाज.)

हा आवाज नीट ऐका. पावलाखाली चुनखडीचे बारीक खडे करकरतात. मध्येच ओकच्या ओल्या पाचोळ्याचा थर लागतो आणि तेवढ्यापुरतं सगळं शांत होतं. पुन्हा खडे. डांबरी रस्त्यावर असं ऐकू येत नाही.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लॉत नावाचा जिल्हा आहे. नाव नदीवरून पडलेलं. त्याआधी हा मुलूख केर्सी म्हणून ओळखला जायचा आणि इथले लोक अजून प्रेमाने तेच नाव घेतात. क्षेत्रफळ सुमारे ५,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सिंधुदुर्गाएवढं. माणसं मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास. १८५१ साली इथे जवळपास तीन लाख लोक राहत होते. पुढे फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षमळे खाल्ले, तरुण पोटापाण्यासाठी शहरांकडे गेले, मग पहिलं महायुद्ध आलं. माणसं गेली. त्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याने पडलेल्या वाटा मागे राहिल्या. आज धावायचं आहे ते त्या वाटांवरून.

या चुनखडीच्या पठाराला इथे 'कोस' म्हणतात. आपल्या अंतराच्या कोसाशी या शब्दाचं काही नातं नाही, पण धावणाऱ्या मराठी माणसाच्या कानाला तो लगेच आपला वाटतो. इथे पडलेला पाऊस दगडाच्या भेगांतून सरळ खाली उतरतो. जमिनीखाली गुहा आहेत, भुयारी नद्या आहेत. वर मात्र मैलोन्‌मैल ओढा सापडत नाही. मातीचा थर पातळ, ओकची झाडं खुरटी, मधूनमधून ज्युनिपरची झुडपं. नांगर लावला की दगड वर येतो. त्यामुळे शेत करायचं तर आधी दगड वेचायचे, आणि वेचलेले दगड बांधावर नेऊन रचायचे. बापाने रचले, मुलाने रचले, नातवाने रचले. त्यातून हे गडगे उभे राहिले. कोकणातला गडगा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. आणि दोन शेतांच्या दोन गडग्यांमध्ये जी पट्टी उरली, ती वाट. आपली पाणंदच.

(दृश्य : शेताच्या कडेला दगडाची गोल झोपडी.)

इथे जरा थांबू. हिला काझेल म्हणतात; काही गावांत गार्योत. आत वाकूनच जावं लागतं. आत गेल्यावर मान वर करून बघा. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा बोटभर आत सरकवलेला आहे. असं सरकत सरकत छत वर मिटत जातं आणि शेवटी माथ्यावर एक चपटी शिळा. वासा नाही, खिळा नाही. दगड किंचित बाहेरच्या अंगाला कललेले, पावसाचं पाणी आत न येता बाहेर निथळावं म्हणून. मेंढपाळाने आणि शेतकऱ्याने वेचलेल्या दगडातूनच ही उभी केली, अवजारं ठेवायला, सर आली तर आडोसा घ्यायला. काओर शहरातला १४व्या शतकातला वालांत्रे पूल बघायला जगभरातून लोक येतात आणि तो आहेच देखणा. तरी या मुलखातलं सर्वांत सुंदर बांधकाम कोणतं, असं मला विचारलंत, तर मी या झोपडीकडे बोट दाखवेन. इथे आजही सर आली की धावणारा आत शिरतो आणि भिंतीला पाठ टेकून उभा राहतो.

(दृश्य : झाडाच्या खोडावर पांढरा-लाल पट्टा.)

आपली मुख्य वाट फेसेल ते काजार्क. साडेबावीस किलोमीटर. खोडांवर, दगडांवर हे दोन पट्टे दिसतील : वर पांढरा, खाली लाल. म्हणजे लांब पल्ल्याची वाट. हेच दोन रंग फुलीसारखे एकमेकांवर आले की समजायचं, इकडे वळायचं नाही. गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्यांसाठी नुसता पिवळा पट्टा. १९४७ साली या लांब वाटांसाठी फ्रान्समध्ये राष्ट्रीय समिती स्थापन झाली, तेव्हापासून ही खुणांची भाषा वाढत गेली. रंग लावणारे हात स्वयंसेवकांचे आहेत. डबा आणि कुंचला घेऊन ते आपापला टप्पा चालतात, फिकट झालेली खूण पुन्हा रंगवतात.

ही वाट म्हणजे जी. आर. ६५; जी. आर. म्हणजे फ्रेंचमध्ये लांब पल्ल्याची पायवाट. ल प्युई या गावाहून स्पेनमधल्या सांतियागोकडे निघालेल्या यात्रेकरूंचा मार्ग. १९९८ साली युनेस्कोने फ्रान्समधले हे यात्रामार्ग जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात मुख्यतः देवळं, पूल, धर्मशाळा आहेत, पण वाटेचे काही तुकडेही आहेत. आपण धावतोय तो त्यांपैकीच एक. पायाखालची मातीच वारसा. त्यामुळे समोर पाठीवर ओझं घेतलेला यात्रेकरू दिसला की वेग कमी करायचा, 'बोंजूर' म्हणायचं, त्याला गडग्याच्या बाजूने जागा द्यायची. तो कित्येक दिवस चालतोय, आपण सकाळी निघालोय.

ग्रेआलू गाव मागे पडलं की थोड्याच वेळात वाटेच्या कडेला एक डोल्मेन लागतो. उभ्या शिळांवर आडवी टाकलेली भलीमोठी शिळा. नवाश्मयुगाच्या उत्तरकाळात इथे राहणाऱ्यांनी बांधलेली सामूहिक कबर. केर्सीत असे शेकडो आहेत. आणि इथे, तिच्या अगदी शेजारी, दगडाचा एक जुना, बुटका क्रूस. जुन्या देवाच्या जागेशेजारी नवा देव येऊन बसतो, हे आपल्याला नवं नाही. पण पहाटेच्या धुक्यात दोन्ही एकत्र दिसतात तेव्हा पाय आपोआप थांबतात.

(दृश्य : काळ्या डोळ्यांच्या मेंढ्या वळून पाहतात.)

पांढरी अंगं, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, काळे कान. चष्मा लावल्यासारख्या दिसणाऱ्या या मेंढ्या याच कोसावरच्या. गवत त्या खातात म्हणून माळ मोकळा राहतो. नाहीतर झुडपं चढतात. कुंपणाचं फाटक उघडून आत आलात तर मागे लावून घ्या. याबाबत शेतकरी बोलून दाखवणार नाही, पण त्याची नजर पुरेशी असते.

आता पाण्याचं. पठारावर पाणी नाही हे मघाशी सांगितलं. जुलै-ऑगस्टमध्ये चुनखडी तापते आणि खुरट्या ओकची सावली अंगभर पडत नाही. दीड लिटर पाणी पाठीवर हवंच. संपलं तर इथल्या धावणाऱ्यांची एक युक्ती आहे : गावाचं कब्रस्तान शोधा. फुलझाडांना पाणी घालण्यासाठी तिथे बहुधा नळ असतो. नळावर 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, एवढं पाहून घ्या. थडग्यांमध्ये उभं राहून पाणी पिताना आवाज आपोआप खाली येतो.

सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम. रानडुकरांसाठी हाका घालतात आणि वाटेच्या तोंडाशी पाटी लावतात. पाटी दिसली की दुसरी वाट धरायची. अंगात भडक नारिंगी हवंच.

(दृश्य : लॉत नदी. उभ्या कड्यात कोरलेली वाट.)

नदीकाठी उतरलो की सगळं बदलतं. बूझिएस गावाजवळ कडा सरळ पाण्यात उतरतो आणि त्या कड्याच्या पोटात १९व्या शतकात ही वाट खोदली गेली. डोक्यावर दगडाचं छप्पर, एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला नदी. काओरच्या दारूची पिंपं होड्यांतून बोर्दोकडे जायची. जाताना प्रवाह सोबत असायचा. परतीला होड्या दोरांनी ओढत आणाव्या लागत, त्यासाठी ही वाट. पुढे रेल्वे आली, होड्या थांबल्या. कड्यातून दगड सुटण्याचा धोका असतो, म्हणून इथे बंदीची पाटी दिसली तर ती मानायची. वरून दुसरी वाट आहे. दोन्ही पोचतात सें-सिर-लापोपीला, नदीपासून शंभरेक मीटर वर, कड्याला बिलगलेल्या गावात. शेवटचा चढ मांड्या भरून आणतो.

(दृश्य : नकाशा. त्यावर बारीक, तुटक रेघ.)

आता ज्यासाठी ही फिल्म करावीशी वाटली, ते. फ्रान्सच्या कायद्यात 'ग्रामीण वाट' हा वेगळा प्रकार आहे. ती गावाच्या मालकीची, पण गावाच्या खासगी मालमत्तेत मोडते. सार्वजनिक रस्त्याला असतं ते पूर्ण संरक्षण तिला नाही. लोकांनी तिचा वापर थांबवला की चौकशीचे सोपस्कार करून गाव ती विकू शकतं. शेजारच्याने ३० वर्षं आपलीच म्हणून वहिवाटली तर तो हक्कही सांगू शकतो. कितीतरी वाटा अशाच शेतांत विरून गेल्या. २०२२ च्या कायद्याने गावांना आपल्या वाटांची मोजदाद करण्याची सोय दिली. मोजदाद चालू असेपर्यंत त्या ३० वर्षांचं घड्याळ थांबतं. आणि वाट लोकांच्या वापरात आहे हे कशावरून मानायचं? कायदा सांगतो, तिच्यावरून होणाऱ्या जाण्यायेण्यावरून. मेंढपाळ कमी झाले, बैलगाड्या गेल्या. यात्रेकरू खुणांच्या वाटेवरून जातात. खूण नसलेल्या वाटेवर दवात उमटलेला बुटाचा ठसा बहुधा धावणाऱ्याचाच असतो.

म्हणून उद्यासाठी नकाशावरची ही रेघ निवडली आहे. प्रमाण १:२५,०००, म्हणजे एक सेंटिमीटरला २५० मीटर. सोळा सेंटिमीटर भरते. कुठलाच रंग नाही, कुठल्या यादीत नाव नाही.

(दृश्य : दुसरी पहाट. वाटेचं तोंड झुडपांनी झाकलेलं.)

हे तिचं तोंड. गवत गुडघ्यापर्यंत, वर ब्लॅकबेरीच्या काटेरी वेली. डावीकडचा गडगा ढासळलाय. उजवीकडचा शेवाळाखाली शाबूत आहे, हात लावला की गार लागतो. दोन्हींमध्ये अंतर गाडीच्या दोन चाकांएवढं. बाह्या खाली करा. वेली काठीने बाजूला सारत, सावकाश, आत.