संशोधनातला किरणोत्सर्ग: मोजणी कुठे चुकते

(दृश्य: सीटी यंत्रात सरकणारा पलंग)

ब्रिटनमध्ये संशोधनासाठी साधा एक्स-रे काढायचा असला, तरी वैद्यकीय किरणोत्सर्गाचे २०१७चे नियम लागू होतात. नीतिमत्ता समितीची मंजुरी लागतेच. किरणोत्सर्गी औषध टोचायचं असेल, तर ‘आर्सॅक’ या तज्ज्ञ समितीचीही लागते. शिवाय रुग्णालयाचा परवाना वेगळा आणि जबाबदार डॉक्टरचा वेगळा.

“सीटी स्कॅन तर उपचारात होतोच, मग आमच्या चाचणीत किरणोत्सर्ग कुठला?” अर्ज भरताना हा विचार घात करतो. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, लिहिलेली प्रत्येक तपासणी मोजायची, एरवी झाली असती तरीही. त्यातली जादा किती, हे मागाहून वेगळं दाखवायचं.

(दृश्य: आकडेमोडीचा कागद)

कर्करोगाच्या औषधाची एक चाचणी घेऊ. सुरुवातीला छाती ते ओटीपोट असा एक सीटी, मग दर ८ आठवड्यांनी एक, ४८व्या आठवड्यापर्यंत. झाले ७. एकाचे १५ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक) धरले तर १०५. नेहमीच्या उपचारात ४ झाले असते, म्हणजे जादा ४५. सोबत एक पेट स्कॅन, म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून काढलेली प्रतिमा: एफडीजी हे साखरेसारखं किरणोत्सर्गी औषध ४०० मेगाबेक्वेरेल (किरणोत्सर्गी पदार्थाच्या मात्रेचं एकक), दर मेगाबेक्वेरेलला ०.०१९ मिलिसिव्हर्ट, म्हणजे ७.६. पेटबरोबर होणाऱ्या सीटीचा डोस यात आलेला नाही. तो हमखास विसरला जातो.

‘आजार बळावेपर्यंत स्कॅन’ एवढंच लिहिलं, तर बेरीज कुठे थांबवायची? दोन वर्षं, असं काहीतरी गृहीत धरून ते अर्जात स्पष्ट नोंदवावं लागतं.

हे गणित वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ करतो. १०० मिलिसिव्हर्टला पुढे जीवघेणा कर्करोग होण्याची जादा शक्यता ढोबळमानाने २००त १. पण हा आकडा कुणाबद्दल आहे, ते पाहावंच लागतं. हा धोका प्रत्यक्षात यायला अनेक वर्षं लागतात. बळावलेला आजार असलेल्या सत्तरीच्या रुग्णाला त्याचा अर्थ वेगळा, पंचविशीच्या निरोगी स्वयंसेवकाला वेगळा. म्हणून ज्याला स्वतःला काहीच फायदा नाही, त्याच्यासाठी डोसची मर्यादा आधीच ठरवावी लागते. डोस समर्थनीय आहे की नाही, यावर किरणोत्सर्गाचा जाणकार डॉक्टर मत देतो. संमतिपत्रातही हा धोका सहभागी व्यक्तीला कळेल अशा शब्दांत हवा.

मंजुरीनंतर स्कॅन वाढवायचे असतील, तर आधी सुधारणा मंजूर करून घ्यायची. आणि चाचणीत नवं रुग्णालय जोडताना त्याच्या परवान्यात किरणोत्सर्गी औषधाची नेमकी ती तपासणी आहे का, हे तपासायचं. नसेल, तर तिथे ती करता येत नाही.