शाळाच निघाली गुरांमागं

नमस्कार श्रोतेहो.

एखादं मूल शाळेत येत नाही. जबाबदारी कोणाची? आईबापाची, असं म्हणून आपण मोकळे होतो. नाहीतर सरकारची. आज ज्या दोघींविषयी मी बोलणार आहे, त्यांनी या प्रश्नाला ‘माझी’ असं उत्तर दिलं आणि ते जन्मभर निभावलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

शिक्षणानं समाज बदलतो, हे सगळ्यांना मान्य आहे. पण शिक्षण आपल्या पायांनी कुठं जात नाही. कुणीतरी एकानं ते उचलून दारापर्यंत न्यावं लागतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. त्यात वेळ घेत नाही. मला डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर जायचं आहे.

साल १९४५. ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या. १९२६ मध्ये गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला होता, बालशिक्षणात त्यांचं नाव झालं होतं. या वयात माणूस स्वस्थ बसायचं बघतो. ताराबाई मात्र डहाणूजवळच्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी कामाला गेल्या. त्यांच्यासोबत आल्या अनुताई. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत वैधव्य आलं, अशी ही बाई. शिकली, शिक्षिका झाली, पुण्यात नोकरी धरली आणि ती सोडून बोर्डीला आली.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. वस्तीवरची मुलं मात्र येईनात. अशा वेळी आपण काय करतो? हजेरीपटावर रेघ ओढतो आणि ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही’ असा शेरा मारतो. या दोघी सामान उचलून वस्तीत गेल्या. अंगणात मुलं गोळा केली. आधी तोंड धुणं, अंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं. मग गाणी, मग गोष्ट. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे जाईल.

पुढं केंद्र कोसबाडला गेलं. भोवती वारल्यांचे पाडे. आई मजुरीला गेलेली, आणि सहा-सात वर्षांची पोर कडेवर तान्हं भावंड घेऊन फिरतेय. ती शाळेत आली तर त्याला कोण बघणार? तिला दोष देऊन काय होणार? तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. विकासवाडी म्हणतात ती हीच. ताईनं तान्ह्याला पाळणाघरात द्यायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. भावंडं हाकेच्या अंतरावर.

तरी गुराखी पोरं उरलीच. गुरं गोठ्यात उपाशी ठेव आणि शाळेत ये, असं त्या पोराला कोणी सांगावं? सांगितलं तरी बाप ऐकणार नाही, आणि त्यानं का ऐकावं? मग शिक्षकच गुरांमागं निघाले. कुरणशाळा! डोळ्यांसमोर आणा. गुरं चरताहेत, पोरं झाडाच्या सावलीत बसलीत, शिक्षक त्यांच्यात. फळा नाही, बाक नाही, घंटा नाही. खडे मोजायचे. बियांच्या राशी लावायच्या, लहान इकडे, मोठ्या तिकडे. पानाची कड बोटानं बघायची, याची गुळगुळीत, त्याची करवतीसारखी. काटकीनं मातीत अक्षर काढायचं. एखादी गाय भलतीकडं वळली की उठायचं, तिला हाकून आणायचं आणि पुन्हा अक्षरापाशी बसायचं. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा होती ती वेगळीच.

मी ही गोष्ट जिथं जाते तिथं सांगते. मुलानं आपल्या वेळेप्रमाणे यावं, असा हट्ट शाळेनं सोडला आणि शाळेनं मुलाचा दिवस कसा जातो ते बघितलं. सगळं यश त्या बघण्यात आहे. येत का नाही, हे आधी बघा. रागावू नका, आधी बघा.

जाता जाता एक बोलते. आज शहरांत तीन वर्षांच्या मुलाला प्रवेशासाठी समोर बसवून प्रश्न विचारतात. मला याची मनापासून चीड येते. त्या वयाच्या मुलाला पारखायचं काय? पारखायचंच असेल तर शिक्षकांना गाता येतं का, जमिनीवर मांडी घालून बसता येतं का, ते पारखा.

ते अंगणात भरलेलं काम पुढं किती वाढलं? २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि आज तिच्या देशभर सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. तुमच्या गावातही आहे. तिथली सेविका लसीकरणाला बोलावते, वजनं करते, आहार देते, गाणी शिकवते, आणि तिला अजून पगार नाही, मानधन मिळतं. हे बदललं पाहिजे, असं मी प्रत्येक व्यासपीठावर म्हणते, इथंही म्हणते.

आता तुमच्याकडे येते. शेजारी इमारतीचं बांधकाम चालू असेल, वाळूच्या ढिगावर मुलं खेळत असतील. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली असतील, वीटभट्टीवर असतील. त्यांच्या आईवडिलांना बहुतेक वेळा वाटतं, कागद नाहीत, मग प्रवेश कसा मिळणार? तुम्हाला वाचता येतं, तुम्ही सांगा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पुन्हा सांगते, लिहून घ्या. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष अर्धं सरलं म्हणूनही नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून मुलाला थांबवून ठेवता येत नाही. मूल कधीच शाळेत गेलं नसेल, तरी त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागं पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं, असं कायदाच म्हणतो.

एवढं चार वाक्यांत सांगून होतं. पण नुसतं सांगून परत येऊ नका. आईवडिलांची सुट्टी विचारा, त्या दिवशी त्यांच्यासोबत शाळेत जा. मुख्याध्यापकांशी बोलताना आईला पुढं बसू द्या, सही किंवा अंगठा तिचाच होऊ द्या. आणि पहिला आठवडा रोज संध्याकाळी एक चक्कर मारा. नवीन मूल बुजतं ते त्याच दिवसांत. शाळेत काय झालं, कोणाशेजारी बसलास, एवढं विचारलंत तरी चालेल.

नमस्कार.