घासलेला रुपया कसा ओळखायचा? जुन्या चांदीच्या नाण्याची झीज आणि चमक

नमस्कार मंडळी. टेबलावर दोन रुपये ठेवलेत. दोन्ही पंचम जॉर्जचे, दोन्ही १९१८ चे, दोन्ही मुंबई टांकसाळीचे. मागच्या बाजूला, खालच्या कमळाखाली बारीकसा उठावदार ठिपका असतो, ती मुंबईची खूण. कलकत्त्याच्या रुपयावर ठिपका नसतो.

एक नाणं करडं, काळपट. दुसरं पांढरंशुभ्र. नागपूरला इतवारीच्या सराफ्यात दोन्ही समोर ठेवले तर नवख्या माणसाचा हात पांढऱ्याकडे जातो. मी करडं घेईन, आणि जास्त पैसे मोजून घेईन. का, ते आता नाणं जवळ आणूनच बघू.

(नाणं कॅमेऱ्याजवळ, कडेला धरून)

आधी झीज. नाण्यावर जो भाग सगळ्यात उंच, तो आधी घासला जातो. या रुपयावर राजाच्या कानावरचे केस बघा, भुवई बघा, मिशी बघा. मग खाली या, झग्यावर छोटा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर हाच हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला गेला. प्रत, म्हणजे नाणं किती कमी झिजलंय याची पायरी, ठरवताना हा हत्ती फार कामाचा. सोंड, पाय, पाठीवरची झूल वेगवेगळी दिसत असेल तर नाणं एक्स्ट्रीमली फाइन या वरच्या प्रतीच्या आसपास. आकार कळतो पण बारकावे गेलेत, तर व्हेरी फाइन. नुसता गुळगुळीत उंचवटा उरला असेल तर फाइन किंवा त्याहून खाली. राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर हेच काम मुकुट आणि अंगावरच्या वस्त्राची नक्षी करते.

एक सावधगिरी. ठसा हलका पडला असेल तरी बारकावे दिसत नाहीत. अशा जागी टांकसाळीची मूळ चमक शिल्लक असते. झिजलेल्या जागी ती नसते, तिथला रंगही आजूबाजूपेक्षा वेगळा पडतो. आणि आपल्याकडे भोसलेकालीन हाताने ठोकलेले रुपये मिळतात, त्यांत ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा. अक्षरं अर्धवट आहेत म्हणून त्याला झिजलेलं म्हणू नका.

आता खरा मुद्दा. झीज आणि चमक एकमेकांशी जुळली पाहिजेत.

हे पांढरं नाणं घ्या. हत्ती जवळजवळ सपाट झालाय, म्हणजे रुपया वर्षानुवर्षं बाजारात फिरलाय. मग तो इतका पांढरा कसा? फिरलेल्या चांदीचा उंच भाग फिकट करडा होतो आणि अक्षरांच्या मुळाशी, नक्षीच्या खोबणीत काळसर थर बसतो. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, तोच हा थर. इथे राजाच्या नावाची अक्षरं बघा, मुळाशी सगळं कोरं. हे नाणं रसायनात बुडवलंय.

(खोलीतला दिवा बंद, एकच टेबललॅम्प. नाणं सावकाश फिरवत)

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एकच दिवा. नाणं तिरकं करून हळू फिरवा. राजाच्या चेहऱ्यासमोरची मोकळी जागा बघा, केसासारख्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने. खिशात, गल्ल्यात पडलेले ओरखडे कसेही, कुठेही जातात. एका दिशेच्या रेघा म्हणजे कापड, राख, नाहीतर दंतमंजन. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात या रेघा लपतात, म्हणून दुकानात नाणं दाराशी नेऊन बघायला संकोचू नका.

आपल्या घरांतली निम्मी राणी छाप नाणी लक्ष्मीपूजनाची. दर दिवाळीला चिंच लावून लख्ख करायची, मग हळदकुंकू. त्यामागचा भाव मला समजतो, माझ्याही घरी तेच चालतं. पण प्रत्येक वेळी वरची थोडी चांदी जाते आणि ती परत येत नाही. पूजेसाठी एक रुपया वेगळा काढा आणि बाकीच्यांना चिंच दाखवू नका.

काळा रंग दिसला की नाणं मूळचं, असंही धरू नका. गंधक लावून काळं करता येतं. तो काळेपणा उंच भागावरही सारखाच चढलेला असतो, आणि भिंगातून त्याच्याखाली घासल्याच्या रेघा दिसतात. मूळचा रंग हळूहळू चढतो, पिवळट, तपकिरी, कधी जांभळट निळा, आणि तो कुठे गडद, कुठे फिका असतो.

कड विसरू नका. आपल्या भागात रुपयांचे हार घालायची पद्धत होती. मुकुटाच्या वर, कडेला, दाते चार-पाच ठिकाणी बुजलेले किंवा डाग दिलेला (झाळलेलं) दिसला तर तिथे कडी होती. वजनही करा. रुपया मुळात एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. झिजलेला थोडा कमी भरतो, पण जास्त भरला तर शंका घ्या. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, त्यांचा रंग वेगळा वाटेल.

ठेवताना मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नको, त्यातून हिरवट चिकटा सुटतो. रबरबँड तर अजिबात नको, त्यात गंधक असतं आणि नाण्यावर काळा पट्टा उमटतो.

तुमच्याकडच्या नाण्याची प्रत विचारायची असेल तर तीन फोटो पाठवा. दोन्ही बाजू आणि कड, तिरक्या उजेडात. फोटोआधी धुऊ नका.