शुक्राणू मोजून झाल्यावर पुढे काय?

वीर्यतपासणीचा अहवाल हातात आला की बहुतेकांची नजर संख्येवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा दिली आहे. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस राहिले, अशा पुरुषांच्या मोजण्यांवरून ती काढली. त्यांच्यातलेही ५ टक्के या मर्यादेखालीच होते. म्हणजे हा आकडा पास-नापासाचा नाही. ही तपासणी शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार सांगते. त्यांच्या आत काय आहे, ते तिला दिसत नाही.

त्या आतल्या गोष्टीविषयी बोलताना मी दोन प्रकार मुद्दाम वेगळे ठेवणार आहे, कारण ते एकमेकांत कालवले की उपचारही चुकतात. एक, जन्मापासून पेशींत असलेला जनुकीय दोष. दुसरा, जनुके धडधाकट असूनही शुक्राणू तयार होताना किंवा वाटेत त्याच्या डीएनएची होणारी मोडतोड. पहिला कोणत्याही गोळीने बदलत नाही. दुसरा पुष्कळदा बदलतो.

पहिल्यात सगळ्यात जास्त आढळतो तो क्लाइनफेल्टर सिंड्रोम. सुमारे ५०० ते ६०० मुलांमागे एकाला एक जादा एक्स गुणसूत्र असते, आणि अनेकांना हे कळते ते थेट मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर. वीर्यात एकही शुक्राणू नसला तरी वृषणात कुठेतरी शुक्राणू बनवणारी बेटे शिल्लक असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती शोधून काढली तर जवळपास निम्म्या पुरुषांत शुक्राणू मिळतात.

वाय गुणसूत्राची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९७६ मध्ये तिएपोलो आणि झुफार्डी या इटालियन संशोधकांनी शुक्राणू नसलेल्या काही पुरुषांत या गुणसूत्राच्या लांब भुजेचा तुकडाच गायब असल्याचे दाखवले. त्या भागाला आज एझेडएफ म्हणतात, आणि त्याचे ए, बी, सी असे पट्टे मानतात. ए किंवा बी पट्टा पूर्ण गेलेला असेल, तर वृषणातून शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळपास नाहीच. अशा माणसाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेऊ नये. सी पट्टा गेलेला असेल तर मात्र शुक्राणू अनेकदा सापडतात. इक्सी, म्हणजे एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची प्रयोगशाळेतली पद्धत, वापरून मूलही होते. पण मुलगा झाला, तर त्याला हेच वाय गुणसूत्र मिळते, म्हणजे तोच दोष. हे जोडप्याला आधी सांगायला हवे, नंतर नव्हे.

तिसरे उदाहरण शुक्रवाहिनीच जन्मतः नसण्याचे. कारखाना चालू, रस्ता नाही. यात सीएफटीआर जनुकातले दोष वारंवार सापडतात, म्हणून पत्नीचीही तपासणी लागते. तिच्याकडेही त्याच जनुकातला दोष असेल, तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसे आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार होण्याचा धोका खरा आहे.

आता दुसरा प्रकार. शुक्राणू तयार होताना त्यातली डीएनए गुंडाळणारी हिस्टोन प्रथिने बहुतांशी जाऊन त्यांच्या जागी प्रोटामिन ही प्रथिने येतात आणि डीएनए अतिशय घट्ट आवळला जातो. ही बांधणी कच्ची राहिली, तर ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यात धागे तुटतात. परिपक्व शुक्राणूकडे दुरुस्तीची यंत्रणा जवळपास नसते. काही तुटी स्त्रीबीज सांधते, पण वयाबरोबर त्याचीही ताकद कमी होते. व्हेरिकोसील (वृषणाच्या वरच्या शिरा फुगणे), धूम्रपान, जोराचा ताप, संसर्ग, वाढते वय ही नेहमीची कारणे. फार दिवस संयम पाळूनही मोडतोड वाढते, कारण शुक्राणू अधिवृषणात, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या नळीत, साठून राहतात. जास्त दिवस थांबले की शुक्राणू ‘कसदार’ होतात, हा समज निदान इथे तरी उलटा आहे.

मोडतोड मोजायला एससीएसए, ट्युनेल, कॉमेट अशा चाचण्या आहेत. एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जोडू नका. पहिल्याच भेटीत सगळ्यांची ही चाचणी करा, असे अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना म्हणत नाहीत, आणि मलाही ते पटते. वारंवार गर्भपात होत असतील, तर मात्र तिचा विचार व्हावा. आकडा जास्त आला तर आधी कारण शोधायचे: स्पर्श करून जाणवणारे व्हेरिकोसील असेल तर त्यावर उपचार, धूम्रपान बंद, दोन वीर्यपातांतले अंतर कमी. एवढ्यानेही भागले नाही, तर काही ठिकाणी वृषणातून थेट घेतलेले शुक्राणू इक्सीसाठी वापरतात; त्यांत मोडतोड कमी असते.

आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉक्सी या अमेरिकेतल्या चाचणीत तीन महिन्यांत शुक्राणूंची संख्याही सुधारली नाही, मोडतोडही कमी झाली नाही. ‘ताकदीसाठी’ टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेणे तर उघड नुकसान. त्याने शुक्राणू बनणेच थांबू शकते. कोणताही बदल केलात, तरी पुढची तपासणी महिन्याभरात करू नका. एक शुक्राणू घडायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यानंतर अधिवृषणातला प्रवास. म्हणून तीन महिने तरी जाऊ द्या.