चव आवडली, मग पैसे का नाही दिले?

नमस्कार मंडळी. खाण्यापिण्याचा धंदा उभा करू पाहणाऱ्यांचे रिअॅलिटी शो आपल्याकडे बहुतेक रात्री जेवताना बघितले जातात, आणि त्यांच्यावरचं मतही हात धुवायच्या आत ठरलेलं असतं. सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: “पाचही गुंतवणूकदारांनी मिटक्या मारत खाल्लं, आणि शेवटी ‘आउट’, म्हणजे पैसे लावणार नाही. हा कुठला न्याय?” मला वाटतं, यात न्याय-अन्याय फारसा नाही. निकाल चवीवर लागलेलाच नसतो.

‘शार्क टँक इंडिया’ डिसेंबर २०२१ मध्ये सोनीवर सुरू झाला. पहिल्याच भागात गोठवलेले मोमो विकणारी कंपनी होती. मागणी ५० लाख, बदल्यात ५ टक्के हिस्सा. म्हणजे मालकांच्या हिशेबाने कंपनी १० कोटींची. सौदा झाला ७५ लाखांना, पण १६.६७ टक्क्यांवर; कंपनीची किंमत आली साडेचार कोटींवर. अशा सौद्यावर एक म्हणतो, मागितले त्याहून जास्त मिळाले. दुसरा म्हणतो, लुबाडलं. पहिल्याने फक्त रक्कम पाहिली, दुसऱ्याने फक्त टक्के.

रक्कम भागिले टक्के, गुणिले शंभर. एवढं गणित ताटावर बसल्या बसल्या होतं. मग शेजारी वर्षाचा निव्वळ नफा मांडा. समजा, कंपनी १० कोटींची म्हणतात आणि वर्षाला सुटतात १२ लाख. ५ टक्केवाल्याच्या वाट्याला ६० हजार, तेही नफा वाटला तर. तेच ५० लाख बँकेत मुदत ठेवीत टाकले तर सहा टक्क्यांनी तीन लाख येतात. गुंतवणूकदार वाढीवर डाव लावतो हे कबूल, पण वाढ कुठून येणार हे समोरच्याने दाखवावं लागतं. तिथेच बरेच जण अडखळतात.

आता “मार्जिन किती?”, म्हणजे विक्रीतून खर्च जाऊन किती सुटतं, हा प्रश्न. आपली मिसळच घ्या. समजा, प्लेट १०० रुपयांना, कर वेगळा. किलोभर कोरडी मटकी भिजून, मोड येऊन दोन किलोंच्या वर जाते, वीसेक प्लेटी निघतात. प्लेटमागे ६ रुपये. फरसाण-शेव १२, दोन पाव ६, रस्सा ७, कांदा-लिंबू-कोथिंबीर ३, पापड ४. झाले ३८. टीव्हीवरचा उमेदवार इथे थांबतो आणि छाती फुगवून ‘६२ टक्के’ सांगतो. पण नाशिकात रस्सा पुन्हा मागितला तर सहसा कोणी पैसे लावत नाही. तर्रीसकट आणखी दोनदा वाढला की ३८ चे ५२ होतात. हीच प्लेट डिलिव्हरी ॲपवर टाका. कमिशन २२ टक्के धरू: २२ रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४ रुपये. आणि ५ टक्के कर भरणाऱ्या हॉटेलला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे हे ४ रुपये आपल्या करातून वजा करता येत नाहीत. रस्सा न सांडणारा डबा आणि फरसाणाची वेगळी पिशवी ८. जास्तीचा रस्सा नसतानाही ७२ गेले. उरलेल्या २८ मध्ये भाडं, पगार, गॅस, आणि ॲपवर द्यावी लागणारी सूट.

पाकीटबंद चिवड्याचा हिशेब वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. तरी १०० रुपये छापील किमतीतून कराचे पाचेक, दुकानदाराचे १८ आणि वितरकाचे ७ काढले की कारखानदाराच्या हाती सत्तर रुपये येतात, आणि न खपलेला मालही त्यालाच परत घ्यावा लागतो.

टिकाऊपणावर प्रश्न आला की प्रेक्षक कंटाळतात. मला तर तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. तळलेला कांदा चुरचुरीत न होता आत ओलसर राहिला, की चार-पाच दिवसांत पोहे मऊ पडतात. कढईतून काढलेला चिवडा पुरता गार न होता भरला, तर वाफ पाकिटात धरते. वारंवार तापवलेलं तेल लवकर खवट होतं. नायट्रोजन भरून हवा काढली तरी सीलच्या पट्टीवर मसाल्याची पूड किंवा तेलाचा थर असला, तर सील नीट धरत नाही आणि वायू हळूहळू निघून जातो. पाकीट पाण्यात दाबून धरा; बुडबुडे आले तर यंत्राला नावं ठेवण्याआधी ती पट्टी पुसा.

गुंतवणूकदारांनी अपमान केला, ही तक्रार मी फार ताणत नाही. तासभराची चर्चा कापून दहा-पंधरा मिनिटांची केलेली असते, त्यात तिखट वाक्यं राहतातच.

टीव्हीवर हात मिळवले म्हणजे पैसे खात्यात आले, असंही नाही. त्यानंतर जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, ट्रेडमार्क कुणाच्या नावावर, पाकिटावरचा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक कुणाचा, हे सगळं तपासलं जातं. त्यात काही सौदे मोडतात, काहींच्या अटी बदलतात.

“भाग दाखवला की धंदा उचलतो,” हेही लोक म्हणतात. उचलतो, पण वजन पेललं पाहिजे. समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात रोज १०० किलो चिवडा होतो, म्हणजे २०० ग्रॅमची ५०० पाकिटं. एका रात्रीत ६,००० पाकिटांची ऑर्डर आली तर बारा दिवसांचं काम झालं. घाई केली की गरम माल पाकिटात जातो, कांदा कच्चा उतरतो. माल घरी आल्यावर पैसे देण्याच्या ऑर्डरी उशीर झाला की लोक परत पाठवतात, आणि कुरिअरचं दोन्ही वेळचं भाडं मालकाच्या माथी. म्हणून प्रक्षेपणाची तारीख कळताच वेबसाइटवर रोजच्या ऑर्डरींची मर्यादा घालावी, पोहोचण्याची तारीख खरी लिहावी, आणि तळलेला कांदा हवाबंद डब्यांत आधीच साठवून ठेवावा. चिवड्याला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो.