छ्यू युआनच्या आधीचा सण

मंडळी, नमस्कार. चीनमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला चिनी पंचांगाच्या पाचव्या महिन्यात एक गोष्ट हटकून ऐकवली जाते. ऑफिसातले सहकारी ऐकवतात, टॅक्सीवाला ऐकवतो, घरमालकीण ऐकवते. छू नावाच्या राज्यात छ्यू युआन हा मंत्री होता, मोठा कवीही होता. राजाने त्याचं ऐकलं नाही, उलट त्याला हद्दपार केलं. इ.स.पू. 278 मध्ये छिन या शत्रुराज्याच्या फौजांनी छूची राजधानी घेतली आणि परंपरा सांगते की त्याच सुमारास त्याने मिलुओ नदीत जीव दिला. लोक होड्या घेऊन धावले. माशांनी त्याचा देह खाऊ नये म्हणून पाण्यात भात टाकला. त्या होड्यांच्या शर्यती झाल्या, त्या भाताचे झोंगझी, म्हणजे पानात बांधून उकडलेले भाताचे पुडे, झाले, आणि पाचव्या महिन्याची पंचमी म्हणजे दुआनवूचा सण झाला.

गोष्ट सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नोकरीनिमित्त मी काही वर्षं पूर्व चीनमधल्या हांगझोऊला राहिले आणि माझं मत असं झालं, की ही पाहुण्यांना सांगायची गोष्ट आहे. सण बघायचा तर दाराची चौकट बघावी आणि स्वयंपाकघरात बसावं. तिथे जे चालतं ते छ्यू युआनहून जुनं आहे.

आधी दार. सणाच्या दोन-तीन दिवस आधी भाजीबाजारात हिरव्या जुड्या विकायला येतात. त्यात एक झाड आपल्या दवण्याच्या कुळातलं, पानाची मागची बाजू पांढुरकी. दुसरं लांब, तलवारीसारख्या पात्यांचं. मी एक पातं चुरगाळून नाकाशी नेलं, तर चक्क वेखंड! आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात, बाळंतिणीच्या खोलीत ज्याचा वास येतो, तेच. फक्त आपण मूळ वापरतो आणि ते लोक पातं दाराला टांगतात. पातं तलवारीसारखं, म्हणजे आत येणाऱ्या रोगराईला तलवार दाखवायची.

रोगराई का? कारण चिनी पंचांगात पाचवा महिना वाईट मानलेला आहे. तिथी आपल्या हिशेबाने लावून पाहा, बहुतेक वर्षी ज्येष्ठ शुद्ध पंचमीच येते, वटपौर्णिमेच्या दहा दिवस आधी. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात, म्हणजे हांगझोऊच्या भागात, याच सुमाराला रिपरिप पाऊस सुरू होतो. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, अन्न टिकत नाही, किडामुंगी घरात शिरते. साप, विंचू, गोम, पाल आणि भेक हे त्यांचे ‘पाच विषारी’. ते दूर राहावेत म्हणून मुलांच्या मनगटाला पाचरंगी दोरा बांधायचा, गळ्यात सुगंधी वनस्पतींची पुरचुंडी अडकवायची. पूर्वी दारूत मनशीळ घालून प्यायचे आणि तीच मुलांच्या कपाळाला लावायचे. मनशीळ म्हणजे आर्सेनिकच, तेव्हा पिण्याची प्रथा आता मागे पडली ते बरंच झालं. हांगझोऊच्या वेस्ट लेकची प्रसिद्ध दंतकथा याच पेयावर उभी आहे. बाईच्या रूपात संसार करणारी पांढरी नागीण दुआनवूला ही दारू पिते आणि तिचं खरं रूप नवऱ्यापुढे उघडं पडतं.

आता पुरावा. सिमा छ्येन हा त्यांचा थोर इतिहासकार. त्याने मंगछांगच्या सरदाराची हकीगत दिली आहे. हा मुलगा नेमका पाचव्या महिन्याच्या पंचमीला जन्मला. बाप म्हणाला, याला वाढवायचं नाही. या दिवशी जन्मलेलं पोर दाराइतकं उंच झालं की आईबापांच्या मुळावर येतं. आईने चोरून वाढवलं. मोठा झाल्यावर मुलाने बापाला विचारलं, माणसाचं नशीब आभाळ ठरवतं की दार? दार ठरवत असेल तर दार उंच करून घ्या, म्हणजे झालं! गंमत बाजूला ठेवा आणि काळ बघा. हा सरदार छ्यू युआनचा समकालीन. म्हणजे छ्यू युआन नदीत उतरला त्याच्या कितीतरी आधीपासून हा दिवस अशुभ मानत होते. शिवाय सूझौकडे हाच सण वू झिशू नावाच्या मंत्र्याचा सांगतात, शाओशिंगकडे बापासाठी नदीत उडी घेतलेल्या एका मुलीचा. प्रांत बदलला की बुडालेला माणूस बदलतो. तिथी आणि भीती तीच राहते.

झोंगझीचंही तसंच. तिसऱ्या शतकात झोऊ छू नावाच्या लेखकाने लिहून ठेवलंय, की धान्य पानात गुंडाळून राखेच्या दाट पाण्यात शिजवतात आणि या पंचमीला व उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी खातात. त्याने अर्थ लावलाय तो यिन-यांगचा, म्हणजे सृष्टीतल्या दोन परस्परविरुद्ध शक्तींचा. एकमेकांत गुंतलेले, अजून सुटे न झालेले.

माझ्या एका मैत्रिणीच्या आईकडे मी हे काम बघायला बसायचे. काकू अगदी कमी बोलायच्या. एका टबात उकळून घेतलेली पानं, बांबूच्या जातीची, हातभर लांब. एका पातेल्यात धुऊन निथळलेला चिकट तांदूळ, सोया सॉसने तपकिरी झालेला. तिसऱ्यात मुरवलेले डुकराच्या मांसाचे तुकडे. दोन पानं एकावर एक सरकवून घेतली, मनगटाला एक हिसका दिला की शंकू तयार. तळाला तांदूळ, मग मांस, त्यात चरबीचा एक तुकडा हवाच, वर पुन्हा तांदूळ. पानाची उरलेली शेपूट झाकणासारखी दुमडायची. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं हातात, आणि गरागरा वेढे. घट्ट तर हवं, नाहीतर पाणी शिरतं. फार आवळलं तर तांदूळ फुगायला जागा उरत नाही. हे प्रमाण बोटांनाच ठाऊक. मग पाण्यात बुडवून तीन-चार तास उकळायचं. चरबी वितळून भातात उतरते आणि घरभर ओल्या पानांचा वास सुटतो. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या उकडताना सुटतो, त्याच जातीचा.

उत्तरेत मांस घालत नाहीत, खजुरासारखी बोरं घालून गोड करतात आणि साखर लावून खातात. दक्षिणेतल्या माणसाला हे हास्यास्पद वाटतं, उत्तरेतल्याला भातात डुक्कर. दरवर्षी यावरून हिरिरीने भांडतात.

सरकारी सुट्टी मात्र अलीकडची, 2008 पासूनची. त्याआधी 2005 मध्ये दक्षिण कोरियाच्या गांगनुंग गावचा याच तिथीचा उत्सव युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला होता आणि चीनमध्ये बरीच आदळआपट झाली होती. 2009 मध्ये चीनचा सणही यादीत गेला. तेव्हापासून छ्यू युआन आणखी ठळक झाला. देशभक्ताची कथा सरकारला सोयीची असते, बुरशीची आणि गोमेची नसते.

आता मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, की शाकाहारी माणसाने काय करायचं. शांघायहून हांगझोऊला जाताना वाटेत जियाशिंग लागतं, झोंगझीचं माहेरघर. तिथे लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण भरलेले मिळतात. पण नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. जुन्या पद्धतीत त्या पुरणातही डुकराची चरबी घालतात, तेव्हा ती आहे का, हे वेगळं विचारा. नाहीतर बिनसारणाचा, नुसत्या पांढऱ्या भाताचा घ्या आणि साखरेत बुडवून खा. एकच खा. चिकट तांदूळ पोटात दगडासारखा बसतो, हे तिथल्या म्हाताऱ्याही सांगतात.