फोडणीच्या भातातला पाहुणा

(दृश्य: ओट्यावर झाकलेलं पातेलं. रात्र.)

हा रात्रीचा उरलेला भात. सकाळी मोहरी तडतडेल, कढीपत्ता पडेल, फोडणीचा भात होईल. तोवर पातेलं इथेच, ओट्यावर.

आत कुणीतरी जागं होतंय.

नाव बॅसिलस सिरियस, एक जिवाणू. मूळचा मातीतला, तांदळाबरोबर घरात आलेला. भात रटरटा शिजला तरी हा मेला नाही, कारण तेव्हा तो बीजाणू होता. गाढ झोपेत.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पेशी, तिच्या आत चमकता ठिपका.)

उपासमार सुरू झाली की बॅसिलस कुळातले जिवाणू आवराआवर करतात. पेशी आपल्याच पोटात, एका टोकाला भिंत घालते. त्या कप्प्यात डीएनएची एक प्रत ठेवते आणि वर थरावर थर चढवते. आतलं बरंचसं पाणी जातं, त्याजागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल येतं. सात-आठ तासांनी बीजाणू तयार. बाहेरची पेशी मात्र फुटून संपते.

एवढा खर्चिक मामला, म्हणून होईल तेवढा टाळतात. बॅसिलस सबटिलिस हा यांचा भाऊबंद. त्याच्यातल्या झोपेच्या तयारीला लागलेल्या पेशी आधी शेजारच्या सख्ख्या भावंडांना मारतात, त्यांच्यावर गुजराण करतात आणि झोप पुढे ढकलतात. भाऊबंदकी फक्त सातबाऱ्यावरून होते असं थोडंच आहे!

लंडनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांना या बीजाणूंनी जेरीस आणलं होतं. प्रयोगशाळेत वाळल्या गवताचा भारा आला आणि तासन्‌तास उकळलेले काढेही नासू लागले. 1877 साली त्यांनी तोड काढली. थोडं उकळायचं, थांबायचं, झोपलेल्यांना उठू द्यायचं, पुन्हा उकळायचं. असं दोन-तीनदा. उठलेला जिवाणू साध्या उकळीनेही मरतो.

(दृश्य: पुन्हा पातेलं. झाकणाच्या आतून थेंब ओघळतो.)

आपल्या पातेल्यात एकच उकळी झाली. तिने बीजाणू मेले नाहीत, उलट उठायला तयार झाले. भात कोमट झाला, आत पाणी शिरलं, काही मिनिटांत कवच सुटलं. आता एकाचे दोन, दोनाचे चार. यांतले काही प्रकार भातात विष सोडतात. जिवाणू फोडणीत मरतील, विष नाही. ते उष्णतेला दाद देत नाही. मग खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या.

(दृश्य: दुसरं घर. गरम भात परातीत पसरलेला, वर पंखा. तासाभरात डबा फ्रीजमध्ये.)

इथेही बीजाणू आहेतच. पण गारठ्यात एकाचे दोन सहसा होत नाहीत.